मदरशाच्या वहीतली आफ्रिकान्स : अरबी अक्षरांत लिहिल्या गेलेल्या एका भाषेची गोष्ट

आफ्रिकान्स हे नाव ऐकले की आपल्यापैकी बहुतेकांना एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले गोऱ्यांचे राज्य. वर्णभेदाच्या काळात ही सरकारची भाषा होती, पोलिसांची भाषा होती. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतल्या शाळकरी मुलांनी मोर्चा काढला तो याच भाषेच्या सक्तीविरुद्ध, आणि पोलिसांनी त्या मुलांवर गोळ्या झाडल्या. गोऱ्या शेतकऱ्यांची, म्हणजे बोअर लोकांची भाषा, असा शिक्का तिच्यावर बसला तो बसलाच.

पण या भाषेचे जुने लिखाण शोधत मागे गेलो तर एक वाट केपटाऊनच्या मदरशात जाऊन पोचते. गुलाम म्हणून आणलेल्या मुसलमानांची मुले-नातवंडे तिथे बसून हीच बोली लिहीत होती. आणि लिहीत होती कशात, तर अरबी अक्षरांत. उजवीकडून डावीकडे, जेर-जबर-पेश लावून! अभ्यासक या लिखाणाला 'अरबी-आफ्रिकान्स' म्हणतात. आपल्याकडे उर्दू शिकलेल्यांनासुद्धा ही गोष्ट फारशी माहीत नाही.

गुलामांचे बंदर

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी ठाणे वसवले. युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला, मांस मिळावे एवढाच मूळ हेतू. पण शेती करायची तर माणसे हवीत, आणि ती फुकटात हवीत. म्हणून गुलाम आणले गेले. १८०८ पर्यंत केपमध्ये सुमारे ६३,००० गुलाम आणले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ते इंडोनेशियाच्या बेटांवरून आले, मादागास्करमधून आले, पूर्व आफ्रिकेतून आले, आणि साधारण चौथा हिस्सा आपल्या हिंदुस्थानातून गेला. बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा. त्यांची नावेच त्याची साक्ष देतात, कारण गुलामाच्या नावापुढे 'व्हान बेंगालेन', म्हणजे बंगालचा, किंवा 'व्हान मलबार' असे लिहिले जाई. कित्येकांना तर महिन्यांची नावे देऊन टाकली. सप्टेंबर, फेब्रुवारी अशी आडनावे केपटाऊनमध्ये आजही भेटतात.

गुलामांबरोबर कैदीही आले. पूर्वेकडच्या बेटांवर डचांना विरोध करणारे सरदार, आलिम, सूफी यांना पकडून इतक्या लांब पाठवले की परत येण्याची आशाच नको. १६९४ साली मकासरचे शेख युसुफ यांना आपल्या ४९ साथीदारांसह इथे आणले आणि शहरापासून दूर झांडव्हलिट नावाच्या शेतावर ठेवले. १६९९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्या भागाला आज मकासर असेच नाव आहे.

या लोकांना धर्म पाळायची मोकळीक नव्हती. इस्लामचे उघड आचरण आणि प्रचार कंपनीच्या कायद्याने गुन्हा होता, आणि तोही मोठ्या शिक्षेचा. धर्मस्वातंत्र्य मिळाले ते १८०४ साली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे दीन टिकला तो घराच्या आतल्या खोलीत, तोंडी.

एक गैरसमज इथेच दूर करू. केपच्या मुसलमानांना 'केप मलय' म्हणतात, म्हणून ते सगळे मलेशियातून आले असे वाटते. तसे नाही. मलय ही तेव्हा हिंदी महासागरातल्या बंदरांची बाजारभाषा होती. बंगाली, मलबारी, जावाचा, मकासरचा, सगळ्यांना एकमेकांशी बोलायला तीच उपयोगी पडे. म्हणून मलय म्हणजे मुसलमान असे समीकरण झाले. त्यांच्यात बंगाली आणि दक्षिण हिंदी रक्त किती आहे, हे आडनावे बघितली की कळते.

तुआन गुरूंचा मदरसा

आता मुख्य माणसाकडे येऊ. इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरचे इमाम अब्दुल्ला इब्न काजी अब्दुस्सलाम यांना डचांनी १७८० मध्ये कैदी म्हणून केपला आणले आणि रॉबेन बेटावर टाकले. होय, तेच बेट जिथे पुढे नेल्सन मंडेला कैदेत होते. लोक इमामसाहेबांना तुआन गुरू म्हणत. तुआन म्हणजे मलय भाषेत साहेब, आणि गुरू म्हणजे आपला संस्कृत गुरू. शब्द माणसांपेक्षा लांब प्रवास करतात, याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात द्यायला सापडलेले नाही.

कैदेत असताना त्यांनी कुरआन शरीफ आठवणीतून लिहून काढला. त्यांच्या हातची एक प्रत आज केपटाऊनच्या औवल मशिदीत जपून ठेवलेली आहे. १९८० च्या दशकात मशिदीच्या दुरुस्तीच्या वेळी ती माळ्यावर सापडली. त्यांनी अकीद्यावरचा एक मोठा ग्रंथही लिहिला, १७८१ साली, अरबी आणि मलय भाषांत. मलय भाषाही तेव्हा अरबी अक्षरांतच लिहीत. त्या लिपीला जावी म्हणतात.

सुटका झाल्यावर १७९३ मध्ये त्यांनी डॉर्प स्ट्रीटवर मदरसा सुरू केला. गुलामांच्या आणि मुक्त झालेल्या काळ्या-सावळ्या लोकांच्या मुलांना शिकवणारी त्या शहरातली ही मोठी जागा. पुढच्याच वर्षी कोरिडॉन व्हान सिलोन या मुक्त झालेल्या गुलामाने त्या रस्त्यावर मालमत्ता घेतली, आणि औवल मशीद उभी राहिली ती त्याच जागेवर. १८०७ मध्ये तुआन गुरू वारले.

शिकवण्याची पद्धत आपल्या जुन्या मकतबासारखीच. मुले आधी अरबी अक्षरे ओळखायला शिकत, मग कुरआन, मग दीनचे धडे. उस्ताद धडा सांगत, मूल वहीत उतरवून घेई आणि पाठ करून दाखवी. या वहीला तिथे 'कोपलेस बुक' म्हणतात. 'कोप' म्हणजे डोके, 'लेस' म्हणजे धडा. डोक्यात बसवायच्या धड्याचे पुस्तक. अगदी शब्दशः घोकंपट्टीची वही!

आणि इथेच भाषा बदलली. तुआन गुरूंच्या वेळी धडा मलयमध्ये सांगितला जाई. पण मुले रस्त्यावर, मालकाच्या स्वयंपाकघरात, बाजारात वेगळीच बोली बोलत होती. मोडकी-तोडकी डच, तिच्यात मलय, पोर्तुगीज, स्थानिक खोई लोकांचे शब्द मिसळलेले. एकोणिसाव्या शतकात मलय मागे पडत गेली आणि ही बोलीच घरची भाषा झाली. साहजिकच उस्तादांनी धडाही त्या बोलीत सांगायला सुरुवात केली. पण लिहायचे कशात? रोमन लिपी गोऱ्यांच्या शाळेत, तिथे या मुलांना कोण शिकवणार? हाताशी अक्षरे होती ती अरबी. मग डच बोली अरबी अक्षरांत उतरली. कोणी ठराव केला नाही की समिती बसली नाही. वर्गाची गरज होती, ती भागवली गेली.

अठ्ठावीस अक्षरांत डच कशी बसवायची?

ज्यांना उर्दू वाचता येते त्यांना ही अडचण लगेच कळेल. अरबीत अठ्ठावीस अक्षरे. तिच्यात प नाही, च नाही, ग नाही. इराणी लोकांनी 'बे'खाली तीन नुक्ते देऊन 'पे' केला, 'जीम'च्या पोटात तीन नुक्ते भरून 'चे' केला, 'काफ'वर आणखी एक रेघ ओढून 'गाफ' केला. आपल्या उर्दूने पुढे 'ते'च्या डोक्यावर छोटी 'तोय' बसवून 'टे' केला, 'डाल' आणि 'ड़े'ही तसेच. मलय लोकांनी आपला वेगळा मार्ग काढला. त्यांचा प म्हणजे 'फे'वर तीन नुक्ते, आणि ङ साठी 'ऐन'वर तीन नुक्ते. म्हणजे बघा, लिपी परकी असली तरी एक-दोन ठिपके वाढवून माणसे ती आपली करून घेतात.

केपच्या उस्तादांकडे मलय पद्धतीचा हा वारसा आधीच होता. काही आवाजांचे काम तर आयतेच झाले. डच आणि आफ्रिकान्समधला 'ग' हा ग नाहीच, तो घशातून काढलेला ख़ आहे. 'चांगला' या अर्थाचा आफ्रिकान्स शब्द रोमन लिपीत जी, ओ, ई, डी अशा चार अक्षरांनी लिहितात. उच्चार मात्र ख़ूत. आता उर्दू जाणणारा कोणीही हा शब्द ऐकून कसा लिहील? ख़े, वाव, ते. संपले काम! शेवटचे रोमन अक्षर डी आहे, पण बोलताना ऐकू येतो त. रोमन लिहिणारा डच पुस्तकातली सवय म्हणून डी लिहितो. मदरशातला पोरगा मात्र कानाने लिहितो.

भाषेच्या अभ्यासकांना या वह्यांचे मोल वाटते ते याच कारणाने. गोरा कारकून बोलायचा एक आणि लिहायचा डच पुस्तकातले शुद्ध. त्याच्या कागदावरून लोक खरे कसे बोलत होते ते कळत नाही. मदरशात मात्र कुरआन शिकताना प्रत्येक अक्षराला जेर-जबर लावायची सवय. तीच सवय बोली लिहिताना आली. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वी केपटाऊनच्या गल्लीत शब्द कसा उच्चारला जाई, स्वर कुठे लांबे, कुठे आखूड होई, हे या वह्यांत जपले गेले. आवाजाची यंत्रे येण्याआधीचे हे ध्वनिमुद्रणच म्हणा ना.

अर्थात अडचणीही होत्या. अरबीचे ऱ्हस्व स्वर तीन, आफ्रिकान्सचे स्वर कितीतरी जास्त. ए, ओ आणि ओठ गोल करून काढायचे स्वर यांच्यासाठी प्रत्येक लिहिणाऱ्याला आपली युक्ती काढावी लागे. एका इमामाचे शुद्धलेखन दुसऱ्याशी जुळत नाही. शिक्षक म्हणून मला याचे वाईट वाटत नाही. प्रमाणलेखन ठरायच्या आधी प्रत्येक भाषा अशीच लिहिली गेली आहे.

इस्तंबूलहून आलेले मौलाना

या परंपरेतले सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक मात्र केपच्या माणसाने लिहिलेले नाही. १८६० च्या सुमारास केपच्या मुसलमानांत मसल्यांवरून वाद वाढले होते. एखादा मोठा आलिम पाठवा, अशी विनंती ब्रिटिश सरकारमार्फत तुर्की दरबारात गेली. सुलतान अब्दुल अजीज यांनी अबू बक्र एफेंदी यांना पाठवले. एफेंदी मूळचे कुर्द, शहरजोर भागातले. जानेवारी १८६३ मध्ये ते केपटाऊनला पोचले.

त्यांनी आधी लोकांची बोली शिकून घेतली. त्यांची मातृभाषा ती नव्हती, पण ज्याला शिकवायचे त्याच्या भाषेत शिकवायचे, हे त्यांनी पक्के केले होते. मुलांसाठी मदरसा काढला, मुलींच्या शिक्षणाचीही सोय केली. आणि 'बयानुद्दीन' नावाचा ग्रंथ लिहिला. तहारत, नमाज, रोजा, जकात, हलाल-हराम असे सगळे विषय त्यात आहेत. भाषा केपची, अक्षरे अरबी. १८६९ मध्ये लिखाण पुरे झाले आणि १८७७ मध्ये ते इस्तंबूलला सरकारी खर्चाने छापले गेले. केपटाऊनच्या गरीब वस्तीची बोली खलिफाच्या राजधानीत छापली गेली, हे त्या काळात किती जणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे.

एफेंदींचे सगळ्यांशी पटले असे मात्र नाही. केपचे मुसलमान शाफई, एफेंदी हनफी मसले सांगणारे. समुद्रातला क्रेफिश, म्हणजे शेवंडीसारखा प्राणी, खाणे हराम आहे असे त्यांनी सांगितले आणि मोठे भांडण उभे राहिले. मासेमारीवर जगणाऱ्या वस्तीत दुसरे काय होणार? आपल्या कोकणातले वाचक इथे हसतील. कोकणी मुसलमानही शाफईच, आणि समुद्रातल्या मेव्याबद्दल त्यांचे मत वेगळे सांगायला नको. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून गेलेली अनेक कोकणी कुटुंबे पुढे याच केपटाऊनमध्ये स्थायिक झाली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि त्यांना कोकणीच म्हणतात.

१८८० मध्ये एफेंदी केपटाऊनलाच वारले. केपच्या पुरुषांच्या डोक्यावर लाल तुर्की टोपी आली ती त्यांच्यापासून, असे सांगतात.

पहिले पुस्तक कोणाचे?

समाजमाध्यमांवर 'आफ्रिकान्समधले पहिले पुस्तक मुसलमानाने लिहिले' असा मजकूर अधूनमधून फिरतो. पुढे पाठवण्याआधी थोडे थांबावे. या बोलीचा रोमन लिपीतला छापील मजकूर त्याआधीही आहे. लुई मेरां याचे संवादरूप राजकीय पुस्तक १८६१ मध्ये निघाले होते. 'बयानुद्दीन' त्यानंतरचे. तेव्हा पहिलेपणाचा झेंडा नाचवण्यात अर्थ नाही, आणि खऱ्या गोष्टीला त्याची गरजही नाही.

खरी गोष्ट तारखांतच आहे. १४ ऑगस्ट १८७५ रोजी पार्ल गावात काही गोऱ्या मंडळींनी 'खऱ्या आफ्रिकानरांची संघटना' स्थापन केली. ही बोली म्हणजे स्वयंपाकघरातली डच नाही, स्वतंत्र भाषा आहे, तिच्यात बायबल यावे, वर्तमानपत्र यावे, असा त्यांचा आग्रह. १८७६ च्या जानेवारीत त्यांचे वर्तमानपत्र निघाले. शाळेच्या पुस्तकांत आफ्रिकान्सचा जन्म म्हणून हीच तारीख शिकवली गेली. १९२५ मध्ये तिला अधिकृत दर्जा मिळाला, १९३३ मध्ये पूर्ण बायबल आले, १९७५ मध्ये पार्लच्या टेकडीवर भाषेचे भव्य स्मारक उभे राहिले.

आणि ज्या दिवसांत पार्लची मंडळी ही बोली लिहिण्याजोगी आहे का यावर वाद घालत होती, त्या दिवसांत केपटाऊनच्या मदरशांत मुले ती रोज लिहीत होती. त्यांना तिची लाज वाटत नव्हती. देवाधर्माच्या गोष्टी तिच्यात सांगता येतील का, असा प्रश्नही पडला नव्हता. सांगतच होते! ही दुसरी ओळ त्या स्मारकाच्या इतिहासात फार उशिरा आली.

ती आणली काही मोजक्या अभ्यासकांनी. प्राध्यापक व्हान सेल्म्स यांनी 'बयानुद्दीन'चा मजकूर अक्षर-अक्षर लावून रोमन लिपीत उतरवला. जर्मन अभ्यासक हान्स केलर यांनी १९७१ मध्ये केपच्या मुसलमानांच्या अरबी-आफ्रिकान्स साहित्यावर पुस्तक काढले. पण सगळ्यात महत्त्वाचे नाव अचमत डेव्हिड्स यांचे. ते बो-काप वस्तीत वाढलेले, समाजकार्य करणारे, म्हणजे घरचेच माणूस. त्यांनी १८१५ ते १९१५ या शंभर वर्षांतल्या केप मुस्लिमांच्या आफ्रिकान्सवर प्रबंध लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या शंभर वर्षांतली सत्तरहून अधिक अरबी-आफ्रिकान्स पुस्तके-पुस्तिका त्यांनी नोंदवल्या. १९९८ मध्ये ते वारले, आणि प्रबंध पुस्तकरूपाने आला २०११ साली.

आब, दस्त आणि बांग

आता थोडे शब्दांविषयी, कारण या बोलीतले काही शब्द ऐकून आपल्याला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

केपचे मुसलमान वुजूला 'अबदस' म्हणतात. हा फारसी 'आबदस्त'. आब म्हणजे पाणी, दस्त म्हणजे हात. यातला दस्त आपल्या दस्तुर, दस्तऐवज, दस्तक अशा शब्दांत बसला आहे. अजानला ते 'बांग' म्हणतात. हाही फारसी, अर्थ पुकारा. मराठीत कोंबडा आरवतो तीही बांगच. एकच शब्द इराणातून निघाला, एका फांदीवर मलय बेटांमार्गे आफ्रिकेच्या टोकाला गेला आणि दुसऱ्या फांदीवर आपल्या गावच्या उकिरड्यावरच्या कोंबड्याच्या चोचीत बसला.

रोजाला त्यांचा शब्द आहे 'पुआसा'. हा मलय शब्द, आणि मलयमध्ये तो आला संस्कृत 'उपवास' वरून! लोणच्याला आफ्रिकान्समध्ये 'आचार' म्हणतात. तिथल्या गोऱ्यांच्या दुकानातही बाटलीवर तोच शब्द छापलेला असतो. ईदला 'लबारांग', आभार मानायला 'त्रामाकासी', हे दोन्ही मलय. 'कृपया' म्हणायचे तर 'कनाला'. हा मलय 'कारना अल्ला', म्हणजे 'अल्लाहसाठी', याचे झिजलेले रूप मानतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला पैसे न घेता केलेल्या मदतीलाही कनालाच म्हणतात.

हे झाले मुसलमानांचे शब्द. पण मलय शब्द सगळ्यांच्याच आफ्रिकान्समध्ये खोल गेले. 'खूप' या अर्थाचा रोजचा शब्द 'बाया' हा मलय 'बान्याक'. केळ्याला 'पिसांग', बशीला 'पिरिंग', अंगात घालायच्या जाकिटाला 'बाइकी', हा मलय 'बाजू'. ज्या गोऱ्या घरांत गुलामांनी स्वयंपाक केला, मुले सांभाळली, त्या घरांतल्या मुलांच्या तोंडी आयांचे शब्द बसले. शुद्ध वंशाचा डंका पिटणाऱ्या राजवटीच्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या वाक्यात गुलामाच्या घरचा एखादा शब्द येत होता. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

असे इतर ठिकाणीही झाले

अरबी अक्षरांनी परकी भाषा लिहिण्याला सर्वसाधारण नाव आहे 'अजमी'. अजम म्हणजे अरबेतर. स्पेनमध्ये मुसलमानांनी स्पॅनिश अरबी अक्षरांत लिहिली, तिला 'अल्हामियादो' म्हणतात. तो शब्दही याच 'अजमी'चा अवतार. बोस्नियात, चीनमध्ये, नायजेरियातल्या हौसा लोकांत हेच झाले. आणि लांब कशाला, आपल्या देशात केरळच्या मापिळ्यांनी अरबी-मलयाळम घडवली, तिच्यातले 'मुहियुद्दीन माला' हे काव्य १६०७ सालचे. तमिळ मुसलमानांची 'अरवी' म्हणजे अरबी अक्षरांतली तमिळ. या प्रत्येकावर वेगळा लेख होईल, म्हणून इथे नुसती नावे.

वहीचे पुढे काय झाले

विसाव्या शतकात केपच्या मुसलमान मुलांना सरकारी आणि मिशनच्या शाळा मिळाल्या. तिथे आफ्रिकान्स रोमन लिपीत शिकवली जाई. मदरशाची पुस्तकेही हळूहळू रोमनमध्ये छापली जाऊ लागली, नंतर इंग्रजीत. १९५० च्या दशकानंतर अरबी-आफ्रिकान्स लिखाण जवळपास थांबले. कोणी बंदी घातली नाही. फक्त ती वाचायला शिकवणारा उस्ताद राहिला नाही.

त्यातच वर्णभेदाचे कायदे आले. १९५० च्या कायद्याने कोणत्या वंशाच्या लोकांनी कुठे राहायचे ते सरकार ठरवू लागले. १९६६ मध्ये केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि तिथून साठ हजारांहून जास्त लोकांना काढून शहराबाहेरच्या वाळूच्या मैदानावर वसवले. घर सोडताना माणूस भांडी घेतो, बिछाना घेतो. आजोबांची जुनी वही घेतोच असे नाही. बो-काप तेवढे वाचले, कारण सरकारने ते मलय लोकांसाठी राखून ठेवले होते.

आज ज्या घरांत अशा वह्या, किताबा उरल्या आहेत, तिथे त्या आदराने कापडात गुंडाळून ठेवलेल्या असतात. घरातल्या मुलांना अरबी अक्षरे ओळखता येतात, कारण ती कुरआन वाचतात. आफ्रिकान्स तर त्यांची बोलीच. तरी वही वाचता येत नाही! दोन्ही गोष्टी येतात, पण त्या एकमेकींना जोडणारा वाचनाचा सराव तुटला. अक्षरे अरबी म्हणून ती अरबीच असणार असे समजून लोक वही डोळ्यांना लावतात आणि परत ठेवतात. आत कदाचित पणजोबांनी दहाव्या वर्षी घोकलेला, त्यांच्याच बोलीतला वुजूचा धडा असतो.

आपल्याकडे मोडीचे हेच झाले. मराठी सगळ्यांना येते, पण आजोबांच्या हातचा मोडी कागद वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. आणि उर्दूचे? अनेक मुस्लिम घरांत आई-वडील उर्दू लिहीत होते, मुले मराठी किंवा इंग्रजी शाळेत गेली. मुले उर्दू बोलतात, गझल ऐकतात, मोबाइलवर रोमनमध्ये उर्दू लिहितात. दादीचे पत्र मात्र त्यांना वाचता येत नाही. मराठी शाळेत मुले घालू नका असे मला म्हणायचे नाही, मी स्वतः मराठी शिकवतो. पण आठवड्यातून दोन तास दिले तर अरबी अक्षरे येणाऱ्या मुलाला उर्दू वाचायला सहा महिने पुरतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. केपमध्ये ते दोन तास वेळेवर कोणी दिले नाहीत.

केपटाऊनमध्ये आता थोडी हालचाल दिसते. आज आफ्रिकान्स मातृभाषा असणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतरांची संख्या जास्त आहे, आणि केपच्या बोलीला, तिला 'काप्स' म्हणतात, मान मिळावा यासाठी तिथले कलाकार आणि प्राध्यापक काम करत आहेत. २०२१ मध्ये काप्स, इंग्रजी आणि आफ्रिकान्स अशा तिन्ही भाषांच्या शब्दकोशाचा प्रकल्प सुरू झाला. या बोलीचा इतिहास सांगताना ही मंडळी पार्लच्या टेकडीऐवजी मदरशाच्या वहीपासून सुरुवात करतात. केपटाऊनला कोणाचे नातेवाईक असतील, आणि कोकणातल्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचे असतीलच, तर त्यांना एकदा विचारून बघा, शेजारच्या घरात अशी एखादी कोपलेस वही आहे का.